शून्य परिकल्पनेचा त्याग करण्याआधी : संशोधन मान्यता समित्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील विद्यापीठांच्या संशोधन मान्यता समित्यांचे अध्यक्ष व सदस्य,
तसेच पीएच.डी.चे मार्गदर्शक आणि बाह्य परीक्षक

विषय : प्रबंधातील नमुना, चाचणी आणि निर्णयाचे निकष आराखड्यातच लिहून घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, वाणिज्य, व्यवस्थापन यांतला कुठलाही प्रायोगिक प्रबंध उघडा, चौथ्या प्रकरणात एक वाक्य हमखास भेटतं : ‘प्राप्त टी-मूल्य ०.०५ सार्थकता स्तरावरील सारणी मूल्यापेक्षा जास्त असल्याने शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येत आहे.’ (शून्य परिकल्पना म्हणजे ‘दोन गटांत फरक नाही’ हे गृहीतक. टी-मूल्य म्हणजे मिळालेला फरक भागिले त्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे तो योगायोगाने किती हलू शकतो याचं माप. ते सारणी मूल्यापलीकडे गेलं की फरकाला ‘सार्थक’ म्हणतात.) वाक्यात चूक काही नाही. अडचण ही, की पुष्कळदा त्याच्या पुढे काहीच नसतं. फरक किती गुणांचा पडला, तेवढा फरक शिक्षकाच्या दृष्टीने दखल घेण्याजोगा आहे का, तो वर्गामुळे पडला की पद्धतीमुळे, हे सगळं वाचकाने ओळखून घ्यायचं.

हे पत्र विद्यार्थ्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहोत, त्याला कारण आहे. माहिती गोळा झाल्यावर संख्याशास्त्राच्या हाती फार थोडं उरतं. १९३८ साली कोलकात्यात पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून रोनाल्ड फिशर यांनी हेच बजावलं होतं : प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे बहुतेक वेळा त्याला शवविच्छेदन करायला सांगणं, फार तर प्रयोग कशाने मेला एवढं तो सांगेल. प्रयोग जिवंत असतो तो आराखड्याच्या टप्प्यावर, आणि आराखड्याला मंजुरी आपण देता.

आधी पी-मूल्याबद्दल, कारण मौखिक परीक्षेत याचं चुकीचं उत्तर बरोबर म्हणून स्वीकारलं जातं. पी-मूल्य ०.०३ आलं म्हणजे ‘शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३ टक्के’ असं नव्हे. शून्य परिकल्पना आणि चाचणीमागची बाकीची गृहीतकं खरी धरली, तर मिळाला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ३ टक्के, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये यावर स्वतंत्र निवेदन काढलं. पी-मूल्यावरून परिणामाचा आकार किंवा निष्कर्षाचं महत्त्व कळत नाही, आणि केवळ ते एका रेषेच्या अलीकडे की पलीकडे यावर निर्णय बेतू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. ०.०५ ही रेषाही निसर्गनियम नाही; फिशर यांनी १९२५ मध्ये ती सोयीची म्हणून सुचवली आणि पुढे ती छापील सारण्यांतून सगळीकडे पोहोचली.

आता प्रबंधांतला सर्वांत नेहमीचा प्रयोग घेऊ. इयत्ता आठवीच्या दोन तुकड्या, प्रत्येकी ३० विद्यार्थी, एक प्रायोगिक गट, एक नियंत्रित गट, ५० गुणांची उत्तरचाचणी. गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे मध्यमानाभोवतीचा पसारा, ८ धरा. दोन मध्यमानांतल्या फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे २.०७ येते. ५८ स्वाधीनता मात्रांसाठी (६० विद्यार्थी उणे दोन गट) सारणी मूल्य २.००. म्हणजे नमुन्यात ४.१ गुणांहून कमी फरक दिसला तर तो सार्थक ठरूच शकत नाही. पद्धत खरोखर ४ गुणांनी सरस असेल, तरी ती सार्थक म्हणून पकडली जाण्याची शक्यता, म्हणजे चाचणीची पॉवर, ५० टक्क्यांच्याही किंचित खालीच. दोन वर्षांचं काम नाणेफेकीवर सोपवण्यासारखंच हे.

त्यातून दोन चुका निघतात. समजा फरक ३ गुणांचा आला. टी-मूल्य १.४५, सार्थक नाही, आणि प्रबंध लिहून मोकळा होतो की ‘दोन्ही पद्धतींत फरक नाही’. प्रत्यक्षात ९५ टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे खरा फरक ज्या मर्यादांत असू शकतो ती पट्टी, उणे १.१ ते अधिक ७.१ असं आहे. पद्धत किंचित वाईट असेल, भरपूर चांगली असेल, नमुन्याला यातलं काहीच ठरवता आलेलं नाही. ‘शून्य परिकल्पनेचा स्वीकार’ हा शब्दप्रयोगच इथे दिशाभूल करतो; ‘त्याग करण्याइतका पुरावा मिळाला नाही’ असं लिहायला लावा. दुसरी चूक उलट बाजूची. खरा फरक २ गुणांचाच असेल, तर सार्थक ठरण्यासाठी नमुन्यात तो योगायोगाने ४.१ च्या वर जावा लागतो. म्हणजे अशा वेळी छोट्या नमुन्यातून जे सार्थक निष्कर्ष बाहेर पडतात, ते खऱ्या परिणामाला निदान दुप्पट फुगवून सांगतात. पुढचा विद्यार्थी ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ म्हणून तेच फुगलेले आकडे उचलतो.

पॉवर कमी असली की सार्थक निष्कर्षांवरचा भरवसाही घटतो, हे फारसं सांगितलं जात नाही. शंभर नव्या अध्यापन पद्धती तपासल्या आणि त्यांतल्या दहाच खऱ्या अर्थाने उपयोगी आहेत असं धरा. पॉवर ४८ टक्के असेल तर त्या दहातल्या सुमारे पाच सापडतील. उरलेल्या नव्वदांपैकी ५ टक्के, म्हणजे साडेचार, निव्वळ योगायोगाने सार्थक ठरतील. सार्थक म्हणून जाहीर झालेल्यांत जवळजवळ निम्म्या पोकळ! २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मानसशास्त्रातल्या शंभर अभ्यासांच्या पुनरावृत्तीचा अहवाल आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सार्थक होते. पुनरावृत्तीत ३६ टक्केच सार्थक निघाले. छोटे नमुने आणि फक्त सार्थक निकालच छापण्याची सवय ही त्यामागची मोठी कारणं मानली जातात.

नमुना किती हवा याचं गणित अवघड नाही. ०.०५ स्तर, दोन्ही बाजूंची (दुबाजू) चाचणी, म्हणजे फरक कुठल्याही दिशेचा असला तरी धरणारी, आणि ८० टक्के पॉवर हवी असेल, तर प्रत्येक गटात सुमारे १६ भागिले (फरक ÷ प्रमाण विचलन) यांचा वर्ग एवढे विद्यार्थी लागतात. वरच्या उदाहरणात ४ ÷ ८ = ०.५, वर्ग ०.२५, म्हणून प्रत्येक गटात ६४. हे गुणोत्तर ०.२ इतकंच अपेक्षित असेल तर प्रत्येक गटात ४००. जी-पॉवर हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि हेच उत्तर अर्ध्या मिनिटात देतं. ४ हा आकडा मात्र सॉफ्टवेअर देणार नाही. ‘किती गुणांचा फरक पडला तर शाळेने ही पद्धत स्वीकारावी’ याचं उत्तर विषयतज्ज्ञानेच द्यायचं, आणि आराखड्याच्या बैठकीत विचारायला याहून चांगला प्रश्न नाही.

पॉवर ही बाहेरून आलेली नवी टूम आहे असं कुणाला वाटत असेल तर एक आठवण. ही कल्पना येर्झी नेमन आणि ईगॉन पिअरसन यांनी १९३३ मध्ये मांडली, आणि साताऱ्याच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे त्याच दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात या दोघांबरोबर काम करत होते. नंतर सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांनी शेती संशोधकांसाठी लिहिलेल्या पुस्तकावर देशातल्या कृषी विद्यापीठांच्या पिढ्या घडल्या. त्याचा ठसा अजून दिसतो. कृषी प्रबंधाच्या तक्त्याखाली प्रमाण त्रुटी आणि क्रांतिक फरक, म्हणजे सी.डी. (दोन उपचारांतला फरक सार्थक ठरायला लागणारं किमान अंतर), छापलेला असतो, म्हणून वाचकाला निदान मोजमापाची अचूकता तरी कळते. (दहा उपचार असले की जोड्या ४५ होतात आणि प्रत्येक जोडीला तोच सी.डी. लावला तर एकदोन जोड्या फुकट सार्थक निघतात, हा त्यांच्याकडचा दोष.) शिक्षणशास्त्राच्या तक्त्यात तेवढीही एक ओळ नसते.

विद्यार्थिसंख्या वाढवणं शक्य नसेल तर एक वाट आहे आणि ती फुकट आहे. पूर्वचाचणी बहुतेक प्रबंधांत घेतलेलीच असते, पण तिचा उपयोग ‘गट समान होते’ हे दाखवण्यापुरता होतो. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी यांच्यातला सहसंबंध ०.७ असेल आणि पूर्वचाचणीचे गुण सहचल म्हणून घेऊन अँकोव्हा केला, म्हणजे मुलांमधल्या आधीच्या फरकाचा हिशेब धरून गटांची तुलना केली, तर उत्तरगुणांमधलं न उलगडलेलं प्रसरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) ५१ टक्क्यांवर येतं. ६४ ऐवजी ३३ जणांत काम भागतं. ज्या प्रबंधात ३० विद्यार्थी अपुरे होते, तो एका योग्य निवडीने जवळजवळ पुरेसा होतो.

याउलट सर्रास केलं जातं ते असं : प्रायोगिक गटाची पूर्व-उत्तर तुलना सार्थक, नियंत्रित गटाची सार्थक नाही, म्हणून नवी पद्धत प्रभावी. हा तर्क चुकीचा आहे. प्रायोगिक गट ५ गुणांनी वाढला, प्रमाण त्रुटी २, टी-मूल्य २.५. नियंत्रित गट ३ गुणांनी वाढला, प्रमाण त्रुटी तीच, टी-मूल्य १.५. एक रेषेपलीकडे, एक अलीकडे. पण तपासायचा आहे तो दोन वाढींतला फरक : २ गुण, प्रमाण त्रुटी २.८३, टी-मूल्य ०.७. हाती काहीच नाही. दोन गटांची एकमेकांशी थेट तुलना नसलेला आराखडा मंजूर होता कामा नये.

आतापर्यंतचं गणित प्रत्येक विद्यार्थी स्वतंत्रपणे, चिठ्ठ्या टाकून गटात आला असं धरून केलेलं आहे. प्रत्यक्षात ‘अ’ तुकडी प्रायोगिक आणि ‘ब’ तुकडी नियंत्रित असते, आणि बहुतेकदा ‘अ’ला स्वतः संशोधक शिकवतो. मग फरक पद्धतीचा, तुकडीचा, शिक्षकाचा की सकाळच्या तासाचा? एका बाजूला एकच तुकडी असेल तर कुठलीही चाचणी हे वेगळं करू शकत नाही. एसपीएसएस हे विश्लेषणाचं सॉफ्टवेअर अर्थात बिनतक्रार टी-मूल्य देतं. ६० ओळी स्वतंत्र आहेत असंच ते समजून चालतं.

एका तुकडीतली मुलं एकमेकांसारखी असतात, आणि हे सारखेपण मोजता येतं. शालेय गुणांच्या बाबतीत हा अंतर्गत सहसंबंध ०.१ किंवा त्याहून जास्त असणं नेहमीचं आहे. ४० जणांच्या तुकडीसाठी गुणक १ + (४० − १) × ०.१ = ४.९. म्हणजे माहितीच्या दृष्टीने ही ४० मुलं सुमारे ८ स्वतंत्र मुलांएवढी. ६४ च्या जागी ३१४ लागतील, म्हणजे प्रत्येक बाजूला आठ तुकड्या. पूर्वचाचणीचा सहचल घेतला तर कमी चालतील, पण एक नक्कीच चालणार नाही.

सोळा तुकड्या एकट्या विद्यार्थ्याने गाठणं कठीण, हे मान्य. पण यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा विद्यार्थी असू शकतात. त्यांतल्या चौघांनी एकच पद्धत प्रत्येकी चार तुकड्यांवर, चिठ्ठ्या टाकून तपासली आणि प्रत्येकाने आपला वेगळा उपप्रश्न लिहिला, तर चार कमकुवत प्रबंधांऐवजी एक भक्कम प्रयोग उभा राहतो. ‘विषयात पुनरावृत्ती नको’ हा समित्यांचा आग्रह इथे आड येतो, तो सैल करावा. जिथे कार्यपत्रिका किंवा संगणकावरचा पाठ आहे, तिथे एकाच तुकडीतल्या मुलांना चिठ्ठ्यांनी दोन गटांत विभागता येतं आणि तुकडीचा प्रश्नच मिटतो. हेही जमणार नसेल, तर शीर्षकातून ‘परिणामकारकता’ हा शब्द काढायला सांगा.

सर्वेक्षणाच्या प्रबंधांत वेगळा रोग आहे : ३८४. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या सारणीतून आलेला हा आकडा आता प्रश्नच न विचारता मंजूर होतो. तो एका विशिष्ट कामासाठी आहे : मोठ्या जनसंख्येतून यादृच्छिक नमुना घेऊन एकच टक्केवारी अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत सांगायची, तर ३८४ लागतात. शहरी-ग्रामीण तुलना करायची झाली तर १९२ आणि १९२ होतात आणि फरकाची त्रुटीमर्यादा अधिक-उणे १० टक्क्यांवर जाते. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप गटांवर गुगल फॉर्म फिरवून जमवलेले ३८४ प्रतिसाद यादृच्छिक नसतात. त्यांना सारणीचं संरक्षण नाही.

याच प्रबंधांत पंचवीस विधानं, आणि प्रत्येक विधान लिंग, क्षेत्र, शाखा, अनुभव यांच्याशी काय-वर्ग चाचणीने (दोन वर्गवाऱ्यांत संबंध आहे का ते पाहणारी) जोडलेलं. शंभर चाचण्या! कुठेही काही नसलं तरी पाचेक सार्थक निघतील, आणि ‘निष्कर्ष व शिफारशी’त नेमक्या त्याच पाच येतात. वीस स्वतंत्र चाचण्यांतही निदान एक खोटी सार्थक निघण्याची शक्यता ६४ टक्के आहे. उपाय सोपा आहे. मुख्य परिकल्पना दोन-तीनच ठेवा. त्याहून जास्त असतील तर होल्मची रीत वापरा : पी-मूल्यं लहानाकडून मोठ्याकडे लावा, पहिल्याची तुलना ०.०५ भागिले एकूण संख्येशी, दुसऱ्याची ०.०५ भागिले एकाने कमी संख्येशी, आणि पहिलं अपयश आलं की थांबा. काय-वर्ग सारणीत वीस टक्क्यांहून जास्त चौकटींत अपेक्षित वारंवारता ५ पेक्षा कमी असेल, तर ती चाचणी तशीच धरू नये. दोन-गुणिले-दोन सारणीला फिशरची अचूक चाचणी आहे.

मोठ्या नमुन्याची गोष्ट उलटी. दोन हजार विद्यार्थ्यांत ०.०५ इतका सहसंबंधही सार्थक ठरतो (पी-मूल्य सुमारे ०.०२५), पण तो एकूण प्रसरणाचा फक्त पाव टक्का उलगडतो. अशा निष्कर्षावरून ‘शासनाने धोरण आखावे’ अशी शिफारस करणं शोभत नाही.

परीक्षकांसाठी तीन तपासण्या, तिघींना साधा कॅल्क्युलेटर पुरतो. पहिली : तक्त्यातलं टी-मूल्य पुन्हा काढून पाहा. मध्यमानं ३४.२ आणि ३१.१, प्रमाण विचलनं ७.८ आणि ८.४, प्रत्येकी ३२ विद्यार्थी, तर टी १.५३ येतो. प्रबंधात ३.१५ छापलं असेल तर कच्ची माहिती मागवा. दुसरी : पूर्णांकात उत्तर असलेल्या विधानाचं मध्यमान शक्य आहे का ते पाहा. २८ जणांचं मध्यमान ३.२७ असूच शकत नाही. ९१ ÷ २८ म्हणजे ३.२५ आणि ९२ ÷ २८ म्हणजे ३.२९, मधलं काही नाही. तिसरी : एकबाजू की दुबाजू? पी-मूल्य ०.०८ आलं की चाचणी अचानक एकबाजू होते आणि ०.०४ उरतं. ही निवड आराखड्यात नसेल तर दुबाजूच धरा. आणि ‘पी = ०.०००’ हे एसपीएसएसचं छापणं आहे, संभाव्यता शून्य नव्हे, ‘०.००१ पेक्षा कमी’ असं लिहायला लावा. विश्लेषण बाहेरून करून घेण्याची पद्धत रूढ झाली आहे, म्हणून माहितीची फाइल आणि आज्ञावली प्रबंधासोबत जमा करून घेणं आता गरजेचं आहे.

वैद्यकीय क्षेत्रात ही शिस्त कायद्याच्या वाटेने आली. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडिया २००७ मध्ये सुरू झाली, २००९ पासून औषध चाचण्यांना नोंदणी सक्तीची झाली, आणि एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. आपल्याला नवी यंत्रणा उभारायची गरज नाही, कारण मंजूर आराखडा तारखेसह आपल्याच दप्तरी असतो. त्यात एक पान वाढवा आणि तेच पान, एक अक्षर न बदलता, प्रबंधाच्या परिशिष्टात छापायला लावा. पानाचा नमुना असा असू शकतो :

‘मुख्य निष्पत्ती : ५० गुणांची विज्ञान उत्तरचाचणी. दखल घेण्याजोगा किमान फरक : ४ गुण, कारण… अपेक्षित प्रमाण विचलन : ८, आधार… गटविभागणी : तुकड्यांच्या चिठ्ठ्या, मुख्याध्यापकांसमोर. तुकड्या व विद्यार्थी : … चाचणी : पूर्वचाचणी सहचल धरून, तुकडीचा परिणाम लक्षात घेऊन, दुबाजू, ०.०५. गळती झाल्यास : … वगळण्याचे निकष : … याखेरीज केलेलं सर्व विश्लेषण अन्वेषणात्मक समजावं.’

मंजुरीनंतर बदल करावाच लागला तर तो तारीख आणि कारणासह जोडावा. बदल करणं गुन्हा नाही. न सांगता करणं मात्र आहे.

निष्कर्षाचं वाक्यही बदलायला सांगा. ‘त्याग करण्यात येत आहे’ ऐवजी : ‘प्रायोगिक तुकड्यांचं समायोजित मध्यमान ३.४ गुणांनी जास्त होतं (९५ टक्के विश्वास-अंतराल ०.६ ते ६.२). किमान अपेक्षित ४ गुणांचा फरक या मर्यादेत येतो, पण एका गुणाचाही येतो.’ असं वाक्य लिहिणाऱ्याला आपला पुरावा किती पुरतो ते कळलेलं असतं.

शेवटी, जे विद्यार्थी आज माहिती गोळा करून बसले आहेत त्यांच्याबद्दल. सार्थक निकाल नाही म्हणून त्यांचा प्रबंध परत पाठवू नका, कारण परत आलेला प्रबंध सार्थक होऊनच येतो आणि तो कसा झाला हे कुणी विचारत नाही. त्यांना विश्वास-अंतरालं काढायला सांगा, केलेल्या सर्व चाचण्यांची संख्या एका ओळीत लिहायला सांगा, तुकडीमुळे येणारी मर्यादा प्रकरण पाचमध्ये न दडवता गोषवाऱ्यात आणायला सांगा, आणि पदवी द्या.

आपले,
संख्याशास्त्र शिकवणारे आणि प्रबंधांतली आकडेमोड तपासणारे काही अध्यापक